येशूच्या नावाने मागतो, आमेन

प्रार्थना कशाचीही असो, आजारपणाची, परीक्षेची, नाहीतर मुलाच्या नोकरीची, शेवटचं वाक्य आमच्यात ठरलेलं असतं, "हे सर्व प्रभू येशूच्या नावाने मागतो, आमेन". हे वाक्य इतक्या भरभर म्हटलं जातं ना की प्रभू कुठे संपला आणि आमेन कुठे सुरू झालं तेच कळत नाही, कारण तोवर डोळे उघडायची घाई झालेली असते, कुणाला बस पकडायची असते, कुणाला कुकर लावायचा असतो. मला मात्र हल्ली या वाक्यापाशीच थांबावंसं वाटतं. अख्ख्या प्रार्थनेत सगळ्यात जड वाक्य तेच आहे असं माझं ठाम मत झालंय, म्हणून आज त्यावरच लिहितेय, जरा लांबेल.

आपल्या नाशिककरांना नामाचं महत्त्व वेगळं सांगावं लागत नाही. पौषात निवृत्तिनाथांच्या यात्रेसाठी त्र्यंबकला निघालेल्या दिंड्या आपल्या रस्त्यांवरून जातात, रामकुंडाकडे गेलं की सकाळ-संध्याकाळ काही ना काही नाम कानावर पडतंच, आणि हरिपाठ तर आम्ही ख्रिस्ती घरातली मुलंसुद्धा शेजारून ऐकत ऐकतच मोठी झालो. लक्ष्मीबाई टिळक इथल्याच, जलालपूरच्या. त्यांचे पती, कवी रेव्हरंड टिळक यांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला पण अभंग आणि कीर्तन काही सोडलं नाही, तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो असं ते म्हणायचे. त्यामुळे देवाचं नाव घ्यावं, घेत राहावं, हे आमच्या अंगातच आहे. मला जे म्हणायचंय ते त्याच्या पुढचं आहे, की येशूचं नाव तोंडाने घेतलं की ते आपल्या अंगावर येतं आणि मग ते वागवावं लागतं.

आधी अर्थ सांगते, तो थोडक्यात होतो. येशू म्हणजे "परमेश्वर तारतो". जुन्या करारातला यहोशवा, जो मोशेनंतर लोकांना यार्देन ओलांडून घेऊन गेला, त्याचं आणि येशूचं नाव मुळात एकच. मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या पहिल्याच अध्यायात देवदूत योसेफाला स्वप्नात सांगतो की त्याचं नाव येशू ठेव, कारण तो आपल्या लोकांना त्यांच्या पापांपासून तारील, आणि लूक सांगतो की आठव्या दिवशी सुंता झाली तेव्हा ते नाव ठेवलं गेलं. एवढं आमच्यात लहान पोरांनाही पाठ असतं.

पण जे फारसं सांगितलं जात नाही ते हे, की त्या काळात हे नाव अगदी साधं होतं, गल्लीत हाक मारली तर दोन-तीन पोरं वळून बघतील असं. कलस्सैकरांच्या पत्रात प्रेषित पौलाचा एक सोबती आहे, त्याचं नाव येशू, त्याला युस्त म्हणतात. प्रेषितांच्या कृत्यांमध्ये कुप्र बेटावर एक जादूगार भेटतो, त्याचं नाव बर्येशू, म्हणजे येशूचा मुलगा. म्हणून तर आपल्या प्रभूला लोक "नासरेथकर येशू" म्हणायचे, कुठला येशू ते कळावं म्हणून. आणि सगळ्यात मला हलवून टाकणारी गोष्ट म्हणजे बरब्बा, येशूऐवजी गर्दीने ज्याला सोडवून घेतलं तो कैदी. मत्तयाच्या काही जुन्या हस्तलिखितांमध्ये त्या कैद्याचं नाव "येशू बरब्बा" असं लिहिलंय. म्हणजे रोमन सुभेदार पिलात चौथऱ्यावर उभा राहून गर्दीला विचारतोय की तुम्हाला कुठला येशू सोडून हवा, येशू बरब्बा की ख्रिस्त म्हणतात तो येशू. तिसऱ्या शतकातल्या ओरिगेन नावाच्या मोठ्या पंडिताला हे पटलं नाही, एवढं पवित्र नाव पापी माणसाला कसं असेल असं त्याचं म्हणणं. मला उलट वाटतं. देवाने मुद्दाम असंच नाव घेतलं जे बंडखोरालाही होतं आणि सुताराच्या मुलालाही, आणि शेवटी तेच नाव इब्री, लॅटिन आणि ग्रीक अशा तीन भाषांत लिहून आरोपीच्या पाटीसारखं वधस्तंभावर ठोकलं गेलं. त्या पाटीखाली जो होता त्याच्यामुळे ते नाव पवित्र झालं, अक्षरांमुळे नाही.

आता याच्या मागे अजून एक नाव आहे, खूप जुनं. जळत्या झुडपापाशी मोशेने देवाला नाव विचारलं तेव्हा "मी आहे तो आहे" असं उत्तर मिळालं, आणि चार इब्री अक्षरांचं जे नाव इस्राएलाला मिळालं ते यहुदी लोक पुढे पुढे उच्चारेनासे झाले, धाकाने आणि आदराने. यरुशलेमच्या मंदिरात महायाजक ते प्रायश्चित्ताच्या दिवशी उच्चारायचा अशी त्यांची परंपरा सांगते, आणि इसवी सन ७० मध्ये मंदिर पडल्यावर तेही थांबलं. वाचताना त्या अक्षरांपाशी आले की त्याऐवजी "प्रभू" म्हणायचं. आजही यहुदी तेच करतात आणि २००८ मध्ये व्हॅटिकननेही सांगितलं की उपासनेत ते चार अक्षरी नाव उच्चारू नये, गाण्यातसुद्धा नाही. हे डोक्यात ठेवून फिलिप्पैकरांच्या पत्राचा दुसरा अध्याय वाचा. पौल म्हणतो की देवाने येशूला सर्व नावांहून श्रेष्ठ नाव दिलं, त्या नावापुढे प्रत्येक गुडघा टेकेल आणि प्रत्येक जीभ कबूल करील की येशू ख्रिस्त प्रभू आहे. तो "प्रभू" म्हणजे आपण इमेलमध्ये सर-मॅडम लिहितो तसा मानाचा शब्द नाही हो, ज्या नावाला जीभ लावायची भीती वाटायची त्या नावाच्या जागी जो शब्द म्हणायचे तोच शब्द पौल त्या सुताराच्या मुलाला लावतोय. पहिल्यांदा हे ऐकणाऱ्या यहुदी माणसाच्या अंगावर काटा आला असणार.

दहा आज्ञांमधली एक आहे, तुझा देव परमेश्वर ह्याचं नाव व्यर्थ घेऊ नकोस. आम्हाला लहानपणी याचा अर्थ सांगितला जायचा की उगाच शपथ खाऊ नका, "ओ जीझस" करू नका. ते बरोबरच आहे आणि माझ्या मुलांनाही मी ते सांगते, पण आज्ञा तेवढीच असेल असं मला वाटत नाही. गणनाच्या पुस्तकात अहरोन आणि त्याची मुलं लोकांना आशीर्वाद देतात, तिथे देव म्हणतो की असं करून ते इस्राएलावर माझं नाव ठेवतील. लोकांवर नाव ठेवतील, बघा. मग ते नाव अंगावर घेऊन जो खोटं वजन करतो, कामवालीचा पगार बुडवतो, भावाला जमिनीच्या वाटणीत फसवतो, तो तोंडाने एकदाही वावगं बोलला नाही तरी नाव व्यर्थ घेतोच आहे.

यावरून मला प्लिनीचं पत्र आठवतं, ते मला फार मोलाचं वाटतं कारण ते लिहिणारा आमच्यातला नव्हता. प्लिनी हा रोमन अधिकारी, आजच्या तुर्कस्तानच्या उत्तरेला बिथुनिया प्रांत होता तिथला राज्यपाल. इसवी सन ११२ च्या सुमारास तो सम्राट त्राजानला पत्र लिहून विचारतो की या ख्रिस्ती लोकांचं काय करू, काहीही गुन्हा नसला तरी नुसत्या नावासाठी शिक्षा द्यायची की त्या नावासोबत जे गुन्हे असतात त्यांच्यासाठी? त्याची पद्धत अशी होती की तीनदा विचारायचं, तू ख्रिस्ती आहेस का, आणि तिन्ही वेळा हो म्हणाला तर मारायला पाठवायचं. जो नाही म्हणेल त्याने सम्राटाच्या मूर्तीपुढे धूप आणि द्राक्षारस अर्पण करायचा आणि ख्रिस्ताला शिव्याशाप द्यायचे, कारण प्लिनीने ऐकलं होतं की खऱ्या ख्रिस्ती माणसाकडून एवढं कधीच करवून घेता येत नाही. मग तो चौकशी करतो की हे लोक जमून करतात तरी काय. त्याला कळतं की ठरलेल्या दिवशी पहाटे उजाडायच्या आत ते एकत्र येतात, ख्रिस्ताला देव मानून स्तोत्र म्हणतात आणि शपथ घेतात. शपथ कसली, तर चोरी करणार नाही, दरोडा घालणार नाही, व्यभिचार करणार नाही, दिलेला शब्द मोडणार नाही, कुणी विश्वासाने ठेवायला दिलेली ठेव मागायला आला तर नाकारणार नाही. अजून काही निघतं का बघायला त्याने दोन दासींचा छळ केला, त्या मंडळीतल्या सेविका होत्या, त्यातूनही त्याच्या हाती काही लागलं नाही. त्या दोघींची नावं पत्रात नाहीत. त्यांनी ते एक नाव सोडलं असंही मात्र त्यात कुठे नाही.

ठेव नाकारणार नाही, या गोष्टीपाशी मी दरवेळी अडते. इतकी साधी, व्यवहारातली गोष्ट. कुणी दागिने ठेवायला दिले, पैसे ठेवायला दिले, मागितले की परत द्यायचे. येशूचं नाव घेणं म्हणजे त्या लोकांसाठी हे होतं.

आता आपल्या ठरलेल्या वाक्याकडे येते. नावाने मागणं म्हणजे काय? आपल्याकडे सरकारी कचेरीत काम अडलं की कुणीतरी सांगतं, अमुक साहेबांचं नाव सांग, लगेच होईल, आणि आपण त्या साहेबांना आयुष्यात भेटलेलो नसतो. येशूचं नाव असं चिठ्ठीसारखं वापरायचा प्रयत्न अगदी पहिल्या पिढीतच झाला होता. कृत्यांच्या एकोणिसाव्या अध्यायात स्किवा नावाच्या याजकाचे सात मुलगे आहेत, ते भुतं काढायचे. पौलाला बघून त्यांनीही सुरू केलं, "पौल ज्या येशूची घोषणा करतो त्याची शपथ घालतो" असं म्हणायचं. त्यावर तो दुरात्मा म्हणाला, येशूला मी ओळखतो, पौलही माहीत आहे, पण तुम्ही कोण? आणि त्या माणसाने त्यांच्यावर झडप घालून त्यांना असं बदडलं की ते उघडे आणि जखमी होऊन घराबाहेर पळाले. नाव तेच, उच्चारही बरोबर असणार, पण ज्याचं नाव त्याच्याशी ओळखच नाही.

आणि त्याच पुस्तकाचा तिसरा अध्याय बघा. मंदिराच्या सुंदर नावाच्या दरवाजापाशी जन्मापासून पांगळा असलेला माणूस भीक मागत बसलाय. येशूचा शिष्य पेत्र म्हणतो, सोनं-रुपं माझ्याकडे नाही, जे आहे ते देतो, नासोरी येशू ख्रिस्ताच्या नावाने चालू लाग. प्रवचनात आम्ही इथेच थांबतो, हल्लेलुया म्हणतो. पण हे पुस्तक लिहिणाऱ्या लूकने पुढचं वाक्य लिहिलंय, की पेत्राने त्याचा उजवा हात धरून त्याला उठवलं. नाव घेऊन पेत्र बाजूला झाला नाही. त्या मळक्या, रोज भीक मागणाऱ्या हाताला त्याने हात लावला, आणि मग पायात बळ आलं. आमच्याकडे प्रेयर मीटिंगमध्ये "येशूच्या नावाने" असं मोठ्याने ओरडून म्हणायची पद्धत खूप वाढलीय, माइकवरून दहा-दहा वेळा. आवाजाला माझी हरकत नाही, आंधळा बार्तिमयही यरीहोच्या रस्त्यावर ओरडतच होता, लोक गप्प कर म्हणाले तरी. पण ज्याच्यासाठी ओरडतोय त्याचा हात कुणी धरलाय का, हे मी बघत असते.

माझं माहेर शरणपूरकडचं, प्रोटेस्टंट, आणि सासर नाशिकरोडचं कॅथलिक, त्यामुळे या नावाच्या दोन्हीकडच्या रीती मी जवळून बघितल्यात. सासूबाई संध्याकाळी रोझरी म्हणतात. एका फेरीत त्रेपन्न वेळा नमो मारिया येते आणि प्रत्येकीच्या बरोबर मध्यावर येशूचं नाव आहे. त्या ओसरीवर खुर्चीत बसलेल्या असतात, बोटं मण्यावर, ओठ हलत असतात, समोरून रिक्षा जातायत, मध्येच कुणी काकू गेटवरून हात करतात, पण त्या नावापाशी आल्या की त्यांची मान किंचित, अगदी पाव इंच खाली जाते आणि परत वर येते. त्यांना विचारलं तर म्हणतात, आमची आई करायची. त्यांना माहीत नाही की १२७४ मध्ये लिओंच्या धर्मपरिषदेत पोप दहावे ग्रेगरी यांनी सांगितलं होतं की येशूचं नाव ऐकलं की मान लववा, आणि ते साडेसातशे वर्षांनी नाशिकरोडच्या एका ओसरीवर चालू आहे. माझ्या माहेरी असं काही नव्हतं, आमच्याकडे गाण्यांत नाव. मला दोन्ही हवं वाटतं.

कॅथलिक चर्चमध्ये वेदीवर जी आयएचएस अक्षरं दिसतात, त्याचे लोक इंग्रजी अर्थ लावत बसतात, पण ती येशूच्या ग्रीक नावाची पहिली तीन अक्षरं आहेत, बाकी काही नाही. इटलीतल्या सिएनाचे संत बर्नार्दिनो ही अक्षरं सूर्यकिरणांच्या मध्ये रंगवलेली पाटी घेऊन गावोगाव उपदेश करायचे. त्या काळी तिथे घराण्या-घराण्यांत आणि पक्षापक्षांत खुनापर्यंत वैर, प्रत्येकाचं चिन्ह आपापल्या वाड्यावर. बर्नार्दिनो म्हणायचे ती चिन्हं काढा आणि हे नाव लावा. त्यांच्यावर पाखंडाचा आरोप झाला, पोपपुढे उभं राहावं लागलं, १४२७ मध्ये ते निर्दोष सुटले. सिएनाच्या नगरभवनावर ते नाव आजही आहे. त्यातूनच पुढे पवित्र नामाचा सण वाढला, १७२१ मध्ये तो सगळ्या कॅथलिक चर्चसाठी झाला, १९६९ मध्ये कॅलेंडरमधून काढला आणि २००२ मध्ये परत आला, ३ जानेवारीला. मुंबईत कुलाब्याचं कॅथेड्रलही याच पवित्र नामाला वाहिलेलं आहे. आपल्या वाड्यांवर, गाड्यांच्या मागच्या काचांवर काय काय नावं असतात ते बघितलं की मला बर्नार्दिनो हवेसे वाटतात, आणि हे मी ख्रिस्ती लोकांबद्दलच बोलतेय, आमच्यातही हे पंथ, ते पंथ, हे घराणं, ती जात अजून गेलेली नाही. बाप्तिस्मा एका नावात आणि सोयरीक दुसऱ्याच नावावरून.

शरणपूरचा विषय निघालाच आहे तर एक सांगते. आज शरणपूर रोड म्हटलं की दुकानं आणि सिग्नल, पण ते गाव १८५० च्या दशकात चर्च मिशनरी सोसायटीने वसवलं. ब्रिटिश नौदलाने समुद्रात गुलामांची जहाजं पकडली की त्यातली काही आफ्रिकन मुलं मुंबईहून इथे आणली जायची, शाळा शिकायची, सुतारकाम, लोहारकाम शिकायची. त्यातला एक जेकब वेनराइट. आईबापांनी ठेवलेलं नाव गुलामांच्या व्यापारात हरवलं, हे दुसऱ्यांनी दिलेलं नाव, आणि हे दुःखच आहे, त्यावर पांघरूण घालू नये. हा जेकब पुढे आफ्रिकेत फिरणाऱ्या स्कॉटिश मिशनरी डेव्हिड लिव्हिंगस्टनच्या शेवटच्या प्रवासात होता. १८७३ मध्ये आजच्या झांबियात लिव्हिंगस्टन वारला, त्याचं हृदय तिथल्या झाडाखाली पुरलं, तेव्हा दफनविधी वाचला तो नाशिकला शिकलेल्या जेकबने, आणि झाडाच्या खोडावर नाव कोरलं तेही त्यानेच. मग ते सगळे मिळून तो देह शेकडो मैल समुद्रापर्यंत खांद्यावर घेऊन गेले. सोडून दिला असता तर कुणी विचारणार नव्हतं. १८७४ मध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत शवपेटी धरणाऱ्यांमध्येही जेकब होता. इंग्रजांच्या कागदपत्रांत या मुलांना "नासिक बॉइज" म्हणतात. नाव वागवणं म्हणजे काय हे मला कुणी विचारलं तर मी हीच गोष्ट सांगते, आणि वाईट याचं वाटतं की आपल्या नाशिकच्या ख्रिस्ती मुलांनाही ती माहीत नसते.

संडे स्कूलमध्ये मी मुलांना एक सवय लावतेय. प्रार्थना झाली की "येशूच्या नावाने" म्हणायच्या आधी दोन श्वास थांबायचं आणि मनात बघायचं, हे मागणं येशूने स्वतः मागितलं असतं का. एका मुलाने शेजारच्या बिल्डिंगची टीम हरावी असं मागितलं होतं, तो थांबला, डोळे उघडून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, टीचर, हे त्याच्या नावाने नाही मागता येणार. मग त्याने त्या टीमच्या एका पोराच्या मोडलेल्या हातासाठी मागितलं. मी काहीच सांगितलं नव्हतं.

फेब्रुवारीत नाशिकरोडला बाळ येशूची यात्रा असते. मुंबई-वसईपासून लोक येतात, आणि रांगेत निम्मे तरी ख्रिस्ती नसतात. हातात मेणबत्ती, ओठांवर येशूचं नाव, कुणाच्या घरी पाळणा हलत नाही, कुणाचं कर्ज. आमच्यातले काही नाक मुरडतात, यांना काय कळतं येशू म्हणजे कोण. त्यांना मी मार्कचा नववा अध्याय दाखवते. शिष्य योहान येशूकडे तक्रार करतो की एक माणूस तुझ्या नावाने भुतं काढत होता, तो आपल्यातला नव्हता म्हणून आम्ही त्याला मना केलं. येशू म्हणतो, मना करू नका, जो आपल्या विरुद्ध नाही तो आपल्या बाजूचा आहे. आणि लगेच पुढच्या ओळीत पाण्याचा प्याला येतो, तुम्ही ख्रिस्ताचे आहात म्हणून जो कुणी तुम्हाला प्यालाभर पाणी देईल तो आपल्या प्रतिफळाला मुकणार नाही.

यात्रेच्या दिवशी आमच्या गल्लीत पाण्याचे जार मांडले जातात, रांग उन्हात उभी असते म्हणून. ते मांडतात शेजारचे किराणावाले आणि समोरचे पाटीलकाका, दोघंही ख्रिस्ती नाहीत, आमचं घर फक्त ग्लास धुवायला असतं. मागच्या यात्रेला कागदी ग्लासांचा ढीग रस्त्यावर झाला होता, म्हणून यंदा स्टीलचे घ्यायचं ठरलंय. धुवायला माणसं लागतील, शनिवारी सकाळी सहापासून, ज्यांना जमेल त्यांनी या.